शेवटचा सूर मेंढरांचा

लग्नाच्या बँडमध्ये मी सॅक्सोफोन वाजवतो. काम नसलं की दुपारी पालीच्या धरणाकाठी, बाभळीखाली आडवा होऊन मोबाइलवर जॅझ ऐकतो. एकाच कानाने, कारण इअरफोनचा दुसरा कान केव्हाच बंद पडलाय. त्या संगीतात एकाची सुंदर जागा दुसरा बिनदिक्कत उचलतो आणि तिच्यावर आपलं घर बांधतो. ऐकता ऐकता पाणी चमकायचं, डोळा लागायचा. अशाच एका दुपारी जागा झालो तो सात सुरांची एक धून घेऊनच.

घरी वाजवली, मोबाइलवर टाकली, खाली लिहिलं, ‘माझी स्वतःची रचना. कुणी उचलू नये.’ जन्मभर लोकांची गाणी वाजवलेला मी. पहिल्यांदाच काहीतरी माझं होतं!

मग पालीतल्याच एका लग्नात नवरदेवाबरोबर त्याच्या गावचा, कडा गावचा बँड आला आणि भर वरातीत माझीच धून! शेवट तेवढा बदललेला. मी घोड्यासमोर हात पसरून उभा राहिलो.

“बंद कर! धून माझी हाय.”

त्यांचा सॅक्सोफोनवाला माझ्याच वयाचा. म्हणाला, “कावून बे? हवेचा सातबारा काढलास का? तुझी हाय तर वाजवून दाव.”

मी डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवली. शेवटचा सूर लांबवला. डोळे उघडले तर धरणाकडून धुरळा उठलेला आणि त्यातून मेंढरं तरंगत येत होती. वरात दुभंगली. एकाने घोड्याच्या झुलीला लोंबणाऱ्या फुलांना तोंड लावलं. बाकीची माझ्याभोवती उभी राहून माझ्याकडे बघू लागली. इतके मन लावून ऐकणारे मला कधी मिळाले नव्हते.

मागून, रोज दुपारी धरणावर मेंढरं आणणारे मेंढपाळ मामा धापा टाकत आले. “मास्तर, माझी मेंढरं कावून बोलावली? पाण्यावर हुती की!”

“घ्या,” कड्याचा खदाखदा हसला, “मालक आला!”

तेव्हा मला माझा दुसरा, मोकळा कान आठवला. मेंढरांना बोलवायची मामांची शीळ रोज त्यातूनच आत शिरली होती. सगळ्यांदेखत मी टोपी काढली. “मामा, धून तुमची हाय. मी झोपेत उचलली. वाजवू का न्हाई?”

मामांनी फुलं खाणारं मेंढरू मागे ओढलं. “वाजव. लई गोड वाटली. पर शेवटला सूर सोड. त्यालाच निघत्यात ती.”

मोबाइलवरची ओळ मी पुसली. तिथे आता मामांच्या शिळेचा उल्लेख आहे. कड्याचा त्याच्या शेवटाने वाजवतो. मी सहा सुरांवर थांबतो. लोकांना वाटतं, मास्तरांची ही खास लकब आहे. मी मात्र त्या शांततेत, धरणाकाठी वर उठलेल्या मेंढरांच्या माना बघत असतो.