उत्तराआधीचे दोन सेकंद

समुद्राखालून केबल येणार, हे बेटावर अकरा वर्षं सांगितलं जात होतं. तेवढ्या काळात चार मंत्री बदलले आणि तीनदा पायाभरणी झाली. पाया कुठे दिसला नाही, पण प्रत्येक समारंभाला डुकरं मात्र खरीखुरी भाजली गेली.

मग कंपनीचे अधिकारी फिफितासाहेब 'जनतेच्या अपेक्षा' गोळा करायला आले. हेपिसिपाला त्यांनी विचारलं, "केबलकडून तुम्हाला काय हवंय?"

"ऑकलंडला माझा पोरगा आहे, लिसिआते. त्याचं तोंड नीट दिसू दे."

साहेबांनी लिहून घेतलं: डिजिटल सेवांचा विस्तार.

हेपिसिपा चटया विणते. नवरा गेल्यावर चटयांवरच तिने मुलाला वाढवलं आणि इंजिनिअर व्हायला पाठवलं. निरोपाच्या दिवशी सगळं गाव चर्चमध्ये रडलं. सगळ्यात मोठ्याने रडली तिची चुलत जाऊ लोसालीन, कारण तिच्या मुलाला प्रवेश मिळाला नव्हता.

तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, दर रविवारी प्रार्थना आटोपली की फोन. बोलणं उपग्रहामार्फत, म्हणजे शब्द आधी आभाळात जाणार, तिथून ऑकलंडला उतरणार. प्रश्न विचारून दोन सेकंद गप्प राहायचं, हे बेटावरची शेंबडी पोरंसुद्धा शिकली होती. चित्र तर असं, की मुलगा आहे की उशी, कळू नये.

"जेवतोस ना वेळेवर?" दोन सेकंद. "हो, आई."

"परीक्षा कशी गेली?" दोन सेकंद, आणि वर थोडे. "बरी गेली."

ते वरचे थोडे हेपिसिपा उपग्रहाच्या माथी मारून मोकळी व्हायची. पण पोरगा बारीक झालाय का, हे त्या उशीवरून कसं कळणार? तिचा जीव तिथेच अडकलेला.

म्हणून केबलच्या ठाण्याला जागा हवी झाली, तेव्हा तिने आपलं केवड्याचं बन देऊन टाकलं. ज्याच्या पानांच्या चटया, तेच बन.

"आता काय गं, शेवाळ विणणार?" लोसालीनने विचारलं.

उद्घाटनाला मंत्री तासभर बोलले. त्यातला पाऊण तास, केबलमुळे वेळ कसा वाचेल, यावर. बन दिलं म्हणून पहिला फोन लावायचा मान हेपिसिपाचा. सभागृहात, मोठ्या पडद्यावर, अख्ख्या गावासमोर.

लिसिआते दिसला. दाढीचे खुंट मोजता यावेत इतका लख्ख. आणि बारीक झालेला.

"लिसिआते!"

"आई!"

उत्तर तिथल्या तिथे आलं. टाळ्या पडल्या. केबल स्वतः दातात धरून पोहत आणल्यासारखे फिफितासाहेब हसले.

"जेवलास का?"

"जेवलो ना."

"अगं, निकाल विचार इंजिनिअरसाहेबांचा," मागून लोसालीन.

"निकाल लागला का रे?"

एक सेकंद. दोन. तीन. लिसिआतेची नजर कडेला सरकली. ओठ उघडले, मिटले. आता मध्ये आभाळ नव्हतं. दोन वर्षांतले सगळे वरचे सेकंद कुणाचे होते, ते हेपिसिपाला उभ्या उभ्या कळलं. तो पुन्हा तोंड उघडत होता. दोनशे माणसं कान टवकारून बसली होती.

"हॅलो? हॅलो!" ती ओरडली. "काही ऐकू येत नाही रे!"

"आई, मला तर..."

"एक शब्द ऐकू येत नाही! लाइन फारच खराब!" आणि तिने फोन तोडला.

मंत्र्यांनी फिफितासाहेबांकडे पाहिलं. साहेब वायरी तपासायला टेबलाखाली गेले.

"केवडा गेला तो गेलाच," लोसालीन समाधानाने म्हणाली.

हेपिसिपा घरी पोचते तोच फोन वाजला.

"आई, कॉलेज सोडलंय मी. मार्चमध्येच. थंड गोदामात पेट्या उचलतो." सगळं एका दमात.

"सांगितलं का नाहीस?"

"तू चटया विणत होतीस."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"गावाला काय सांगशील?" त्याने विचारलं.

"गावाला काय सांगायचं? लाइन खराब आहे. आता उठून उभा राहा, आणि शर्ट वर कर. बरगड्या बघू दे."