बालवाडीत मीटर आला तेव्हा

नवीन पनवेलमध्ये आमच्या घराच्या तळमजल्यावर मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. पुढची मोठी खोली गाण्यागोष्टींची, मागची लहान खोली पेंगुळलेल्या मुलांसाठी. भिंतीवरच्या खिळ्यांना पाण्याच्या बाटल्या लटकलेल्या असायच्या. मेणखडू, कुरमुऱ्यांचा चिवडा आणि पुसून ओली झालेली फरशी असा मिळून एक वास त्या खोलीला होता. अजूनही कुठे मेणखडूंचा डबा उघडला की मी क्षणभर तिथे जाते.

२०१२च्या सुमारास समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. त्या दिवसांत टॉवरच्या लहरींबद्दल पेपरात सारखं काहीतरी छापून यायचं. पालक घाबरले, आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त. तक्रारीचा अर्ज मीच लिहिला, सह्या मीच गोळा केल्या. एवढ्याने भागेना म्हणून पुढच्या खिडकीला जाड पडदा शिवला. जणू ऊनच अडवायचं होतं!

त्याच वर्षी आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी आली. तिचे वडील कुवेतला नोकरीला. त्यांची पाळी अशी की घरी परतेपर्यंत लेक इकडे झोपलेली असायची. कामावर निघण्याआधी, आपल्याकडे साडेअकराला, ते रोज फोन करायचे. बालवाडी सुरू झाली आणि ती वेळ हुकली. मुलगी बरोबर त्या सुमाराला दाराकडे बघत रडायला लागायची. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण वेळ कळायची.

आठवड्याभराने तिची आई संकोचत म्हणाली, "बाई, त्यांनी तुमच्या मोबाइलवर फोन केला तर चालेल का? फक्त पाच मिनिटं."

मी हो म्हटलं. मग रोज साडेअकराला मी तिला मागच्या शांत खोलीत नेऊन मांडीवर घ्यायचे. ती फोन कानाला घट्ट धरायची आणि "अब्बू, मी चिवडा खाल्ला" इथून सुरुवात करायची.

एका पालकांच्या ओळखीतून एक कॉलेजकन्या आमच्याकडे आली. लहान मुलांच्या जागी लहरी किती असतात, ते ती प्रकल्पासाठी मोजत होती. तिच्या हातात छोट्या डब्याएवढा मीटर होता. लहरी वाढल्या की तो खरखरायचा. मुलांनी ठरवून टाकलं की ताप बघायला डॉक्टरीणबाई आल्या आहेत, आणि सगळ्यांनी रांगेत उभं राहून काखा वर केल्या. तिनेही हसत हसत प्रत्येकाचा ताप बघितला.

मग ती जमिनीवर मांडी घालून बसली. मुलांच्या डोक्याच्या उंचीवर मीटर धरून कोपरे, सतरंजी, खिडकी असं सगळं मोजत गेली. मीटर जेमतेम कुजबुजला.

"मर्यादेच्या बराच आत आहे," ती म्हणाली.

"अहो, टॉवर तर समोर दिसतोय!"

"दिसतो म्हणून जास्त, असं नसतं बाई."

खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईटच वाटलं. एवढ्या सह्या गोळा केल्या होत्या.

तेवढ्यात साडेअकराचा फोन आला. मी मुलीला घेऊन मागे गेले, आणि ती कॉलेजकन्याही मोजायला मागोमाग आली. मुलीने फोन कानाला लावला आणि मीटर असा खरखरला की दारातल्या मावशी दचकल्या. या मावशी जवळच्या गावातून मदतीला यायच्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "ताप पोरांना नाय, तुमच्या फोनला हाय!"

मुलीचं बोलणं संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग कॉलेजकन्येने समजावलं, "या खोलीत रेंज कमी आहे. अशा वेळी फोनला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो हिच्या कानालाच आहे."

"म्हणजे धोका आहे?"

"ते मी सांगू शकत नाही. किती आहे, एवढंच मोजते. पण लहान मुलांसाठी सहज कमी करता येत असेल, तर करावं."

पडदा शिवणारी मीच रोज तिला मांडीवर घेऊन फोन देत होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी तिच्या आईला सगळं सांगितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, दुसरं काहीही सांगा, पण फोन बंद करू नका. ह्या पाच मिनिटांवर त्यांचा तिथला सगळा दिवस निघतो."

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने माडीवरचा जुना तारेचा फोन खाली आणला. लांब वायर टाकून तो पुढच्या खोलीतल्या फळीवर बसवला. कॉलेजकन्या पुन्हा आली. रिसीव्हर मुलीच्या कानाला असताना तिने मीटर जवळ धरला, तो गप्प राहिला. मोबाइल मी दाराबाहेरच्या कपाटात ठेवू लागले.

फोन आता सगळ्यांच्या मधे होता, त्यामुळे सगळेच ऐकायला जमायचे. एकदा एका मुलाने रिसीव्हर ओढून विचारलं, "काका, तुमच्याकडे उंट आहे?"

पलीकडून मोठ्याने उत्तर आलं, "आजच बघितला. ट्रकमध्ये बसून चालला होता."

त्या दिवसापासून साडेअकराचा फोन सगळ्या वर्गाचा झाला. रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाकडे फिरायचा. कुवेतचा ट्रक, कुवेतचा पाऊस, कुवेतचं मांजर. ते गृहस्थ घाईत असले तरी एक तरी बातमी सांगायचे.

अर्जाला उत्तर आलं, सगळं मर्यादेत आहे असं. टॉवर तिथेच राहिला. पडदा मी काढला.

पुढच्या वर्षी मुलीचे वडील रजेवर आले. एका सकाळी लेकीला सोडायला दारात उभे राहिले. उंच, सावळे, लाजाळू. मुलं अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. ते म्हणाले, "सलाम, बच्चेलोग," आणि एकदम गलका झाला. "फोनवाले काका! फोनवाले काका!" आवाज सगळ्यांनी ओळखला होता.

त्यांना वाटलं होतं, पाच मिनिटं थांबून निघावं. मुलांनी हात धरून सतरंजीवर बसवलं. लेक ऐटीत त्यांच्या मांडीवर चढली. त्या दिवशी बालवाडी सुटायची वेळ टळून गेली, तरी चपला घालायला कुणी उठेना, आणि मीही कुणाला उठवलं नाही.