ताईचा लाल स्टिकर

आमची ताई शर्टाच्या कारखान्यात चेकर. बावीस वर्षं एकच काम: शर्ट उलटा करायचा, आतली शिवण बघायची, टाका सुटला असेल तर लाल स्टिकर चिकटवून बाजूला फेकायचा. घरीही तीच तऱ्हा. माझी नोकरी, माझी बायको, माझा नवा सोफा, तिच्या हातून काही म्हणून पास झालं नाही. शेवटी मी वैतागून बोलणंच टाकलं. सात वर्षं.

मग माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आधी बायकोने बँकेतल्या नोकरीतून रजा काढून किडनी देण्यासाठी तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं, हिला शुगर आहे, चालणार नाही. त्या दिवसापासून बायको माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. हे ऐकून ताई आपणहून आली आणि दारातच म्हणाली, "देते एक. आभार मानत बसू नकोस, मला चीड येते."

महिनाभर तिच्या तपासण्या चालल्या. शेवटच्या स्कॅननंतर तिचा फोन आला. "माझं जमणार नाही. डाव्या किडनीत गाठ निघालीय."

बायको हळूच म्हणाली, "अहो, तिथं आपल्याला एकटीला बसवून विचारतात, मनापासून द्यायचीय का म्हणून. नको असेल तर डॉक्टरच घरच्यांना काहीतरी कारण सांगतात. कुणाला कळत नाही."

माझं डोकंच फिरलं. तसाच धापा टाकत कारखान्यात गेलो आणि सगळ्या बायकांसमोर ताईला म्हणालो, "गाठ म्हणे. फाटली तुझी, तर तसं सांग की. जगाच्या चुका काढतेस आणि स्वतः डॉक्टरच्या मागे लपतेस?"

तिचे हात थांबले नाहीत. एक शर्ट उलटा केला, बघितला, ठेवला. "झालं बोलून? मग नीघ. माझा ढीग पडलाय."

तीन आठवड्यांनी भाचीने कळवलं. ताईचं ऑपरेशन झालं, डावी किडनी काढून टाकली, कॅन्सर होता. आम्ही दोघं भेटायला गेलो. ताई उशीला टेकून पडली होती, तोंडावर रंग नव्हता. मी माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करत होतो. भाचीने चहा आणला. त्या अवघडलेपणात बायकोने साखरेची पुडी फोडून कपात ओतली, मग दुसरी ओतली आणि ढवळायला लागली.

ताई बघत होती. "हिची शुगर बरी झाली वाटतं," ती म्हणाली.

बायकोचा चमचा थांबला. मला कळायला थोडा वेळ लागला. डॉक्टर खोटं बोलले होते खरे, पण ताईसाठी नाही.

"हिच्या बँकेत जा ना आता," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर बोल हिला. बघू तरी."

बायकोने कप खाली ठेवला, पर्स उचलली. "चला, तुमच्या डायलिसिसची वेळ झाली."

मी तिच्या मागोमाग निघालो.