ओपन डे मुक्ताचा होता

लंडनहून एडिनबऱ्याच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ छत्री, दशम्यांचा डबा आणि डोक्यात नुसता गोंधळ एवढंच सामान होतं. समोर मुक्ता, माझी सतरा वर्षांची लेक, कानात हेडफोन घालून. आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहतो. ती शाळेत सगळ्याच विषयांत पहिली येते आणि आमची खरी अडचण तीच आहे. गणित की मेडिकल, लंडन की बाहेर, काही म्हणता काही ठरत नव्हतं, आणि अर्जाची मुदत तोंडावर आलेली.

त्यात इथली तऱ्हा. आपल्या पुण्यात आधी मार्क पडायचे, मग यादी लागायची, मग माणूस पेढे वाटायचा किंवा तोंड लपवायचा. इथे अर्ज आधी आणि परीक्षा नंतर. शिक्षक अंदाजाने मार्क सांगतात, त्यावर विद्यापीठं जागा देऊ करतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

बेरिक स्टेशन गेलं आणि उजवीकडे करडा समुद्र लागला. शेजारच्या आजीबाईंनी तो हौसेने आम्हाला दाखवला आणि मुक्ताला विचारलं, "मग तू काय शिकणार?"

"मेडिकल, नाहीतर गणित," मी सांगितलं.

"असं होय," म्हणाल्या आणि आपल्या शब्दकोड्याकडे वळल्या.

एडिनबरा स्टेशनाबाहेर पडलं की वर खडकावर किल्ला, खाली काळ्या दगडाच्या इमारती आणि सगळ्यांवर भुरभुर पाऊस. टॅक्सीवाल्याने या हवेला ड्रीख (कुंद, चिकट, हाडांत शिरणारी) असं नाव सांगितलं. जेवायला मुक्ताने सूप घेतलं. मी धाडस करून हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा, ओट घालून शिजवलेला मसालेदार खिमा) मागवलं. वाईट नव्हतं, वर लिंबू हवं होतं.

मग विद्यापीठाचा ओपन डे (अर्ज करण्याआधी मुलांना विद्यापीठ दाखवायचा दिवस). आम्हाला फिरवणारा मुलगा तिथलाच विद्यार्थी, नाव कॅलम. मी त्याला सरळ विचारलं, "गणिताला हे चांगलं की लंडन?"

"तिला काय आवडतं त्यावर आहे," तो म्हणाला.

मेडिकलच्या टेबलावर विचारलं, तेच उत्तर. हॉस्टेलवाल्या बाईंना विचारलं, तेच. वर स्कॉटलंडात गणिताची डिग्री चार वर्षांची, तिकडे इंग्लंडात तीन वर्षांची. मग एक वर्ष वाया की फायद्यात? तेही तिच्यावर आहे म्हणे. अरे बाबांनो, कोणीतरी एक नंबर, दोन नंबर सांगा की. माझ्या डोक्याचा भुगा झाला.

शेवटी गणिताचं नमुना लेक्चर. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर कोडं घातलं आणि विचारलं, कोण सांगतं? सगळी पोरं गप्प. मुक्ताचा चेहरा मला पाठ आहे, तिला उत्तर आलेलं होतं. माझाच हात वर गेला.

"माझ्या मुलीला येतं," मी म्हणालो. "ती शाळेत पहिली असते."

अख्खा हॉल वळून बघायला लागला. बाई हसून थांबल्या. मुक्ता म्हणाली, "मला नाही येत," बॅग उचलली आणि बाहेर गेली.

मी मागे धावलो. ती कमानीखाली उभी होती.

"तुला येत होतं."

"हो." मुक्ताच्या मराठीत लिंगं आपापल्या मर्जीने फिरतात, रडताना जास्तच. "बाबा, तूच अप्लाय कर ना. सगळ्यांना तूच विचारते. सगळे म्हणतात, यू कॅन गो एनीव्हेअर. मला काय आवडते, मला नाही माहीत. मी थिंक करायला लागली की तू उत्तर देते."

मला फार वाईट वाटलं. रागही आला. एवढ्या लांब मी काय माझ्यासाठी आलो होतो? मग वाटलं, आलो असेनही.

"तू जा आत," मी म्हणालो. "मी इथेच बसतो."

ती गेली. मी कॅफेत एका चहावर बसून राहिलो. परत आली तेव्हा केस ओले होते आणि कुठेकुठे गेली होती ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तुम्हाला सांगतो, हॅगिस त्यापेक्षा सोपं गेलं.

परतीच्या गाडीत दशम्या संपवल्या. गणित की मेडिकल, इथे की तिथे, मला अजूनही कळलेलं नाही. वाचून कोणाला उलगडा झाला तर जरूर कळवा. मुक्ता फोनवर काहीतरी बघत होती.

"बाबा, सॅटर्डेला मँचेस्टरचा ओपन डे आहे. तू येते का?"

हे तिने मला आजवर कधी विचारलं नव्हतं. मी असणारच, हे आम्ही दोघंही धरून चाललो होतो. मला जायचं होतं, फार जायचं होतं.

"तू म्हणशील तसं," मी म्हणालो.

तिने फोनवर एकच तिकीट काढलं.