नळी खाली सोडायची नाही

भवानी पेठेतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. धुराविरुद्धची पत्रकं वाटत गॅरेजात शिरलो, तेव्हा तो एका महागड्या गाडीच्या बॉनेटखाली वाकला होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर मालकाने हौसेने बसवला होता. त्या दाबाने आतली तेलकट वाफ नळीवाटे परत इंजिनात ओढली जायची आणि गाडी निळा धूर ओकायची. तेल अडवायला मेकॅनिक त्या नळीला डबा जोडणार होता, आत भांड्यांची तारेची घासणी ठासून.

"डबा कशाला, मामा? नळी खाली सोडा की. सगळे सोडतात," मालक म्हणाला.

"तेल रस्त्यावर पडंल."

"रस्ता आधीच काळा हाय की!"

मेकॅनिक हसला नाही. फडक्याने एकेक बोट पुसत म्हणाला, "मागनं लेकराला घिऊन स्कुटीवर येणारी बाई घसरली तर? माज्या हातनं न्हाय व्हायचं."

मालक तणतणत गाडी घेऊन गेला. यांच्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या हाडांनी का मोजायची?

"तक्रार करू त्याची," मी म्हणालो.

"करा की. पण आदी ह्यो पत्रा धरा. डबा करायचाय."

"अहो, गिऱ्हाईक गेलं!"

"जाऊ द्या. दुसरीकडं नळी सोडून घेतली की गाडीत तेलाचा वास भरतोय. त्याची बायको आत बसायची न्हाय. येतंय बगा परत. तवा डबा तयार पायजे."

त्याने कात्री लावली. मी एका हाताने पत्रा धरला आणि दुसऱ्याने रागारागात पत्रकामागे त्या गाडीचा नंबर खरडू लागलो.

"हलवू नगा की," तो म्हणाला, "वाकडं कापलं जातंय."