स्टेअरिंगवरचा दुसरा हात

महिपतीनं उतारवयात बाई ठेवली, ही बातमी निमगाव केतकीच्या बाजारातून इंदापूरला एसटीच्या आधी पोचली. आणणारी कोथिंबीरवाली म्हाळसा, त्यामुळे बातमी ताजी होती आणि वर पाणीही भरपूर मारलेलं होतं. म्हाळसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. पांढरी, बुटकी, मागं दोन सायलेन्सर असलेली गाडी. चालवतोय महिपती, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई आणि भर रस्त्यात त्यानं तिचा हात धरलेला. संध्याकाळपर्यंत आळीनं त्या बाईला हिरवी साडी नेसवली, नाकात नथ घातली. एकानं तर तिचं माहेरही सांगून टाकलं.

खरी गोष्ट इतकी चविष्ट नाही. गाडी सांगवीच्या अविराजची होती. बाई म्हणजे महिपतीची लग्नाची बायको, चंद्राबाई. आणि तिचा हात महिपतीच्या हातात नव्हता, स्टेअरिंगवर होता. तो तिथं कसा गेला, तेवढं मात्र ऐकण्यासारखं आहे.

महिपती इंदापूरात हायवेलगतच्या ऋषिराजच्या गॅरेजात चाकांचं अलाइनमेंट करतो. ऋषिराज तिशीतला मालक. त्यानं कॉम्प्युटरचं मशीन आणलं, चाकांवर आरसे लावले, पडद्यावर हिरवे-लाल आकडे नाचवले. पण गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "काका हायेत का?" कारण मशीनचं काम झालं की महिपती चपला काढून गाडीत बसायचा, स्टेअरिंगला खालच्या अंगानं दोनच बोटं लावायचा आणि निमगावच्या रस्त्यानं एक फेरी मारून यायचा. आला की एकच वाक्य बोलायचा. "डावं पुढचं चाक बाहेर बघतंय." नाहीतर, "उजवीकडचं बेअरिंग गुणगुणायला लागलंय, महिनाभर टिकंल." आकडे हिरवे असोत की लाल, खरं व्हायचं ते महिपतीचंच. त्याच्या दोन बोटांना रस्त्यातली खडी कळायची, ओल कळायची, टायरची पकड कुठं सुटणार ते कळायचं. घरी मात्र भाजीत मीठ नसलं तरी त्याला पत्ता लागत नसे, असं चंद्राबाई आळीभर सांगायची. माणसाची सगळी अक्कल दोन बोटांत जाऊन बसली की बाकीचा कारभार असाच चालतो.

तीच बोटं दिवाळीपासून मरायला लागली. आधी मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. हातातला नट पडलेला जमिनीवर वाजल्यावर कळायचा. एकदा चहाचा ग्लास धरून तो बसला होता. गप्पा संपल्या तेव्हा बोटावर फोड उठलेला. चंद्राबाईनं विचारलं तर म्हणाला, "ध्यान नव्हतं." मग कुणाला न सांगता एकटाच बारामतीच्या डॉक्टरकडं जाऊन आला. मनगटात शीर दाबली गेली आहे, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन केलं तर पुढचं थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही. महिपती "बरं" म्हणाला, एसटीनं घरी आला, जेवला आणि झोपला. आता भीती वाटेल, मग वाटेल, अशी तो दोन दिवस वाट बघत होता. तीही आली नाही. आतसुद्धा बोटांसारखंच झालं होतं. गॅरेजात त्यानं चकार शब्द काढला नाही. फेऱ्या मारत राहिला आणि मशीनवर दिसलेले आकडे बोटांना कळल्यासारखे सांगत राहिला.

असं तीन-चार महिने खपलं. मग अविराज आला.

अविराजला गाडीचा शौक. पुण्यात शोरूमची गाडी चालवून बघितली आणि प्रेमातच पडला. वळणावर स्टेअरिंग हाताला हात देतं, म्हणायचा. डिलिव्हरीच्या दिवशी तो नेमका बाहेरगावी होता, म्हणून गाडी आणायला त्याचे वडील संभाजीआबा ड्रायव्हर घेऊन गेले. आठ दिवसांनी अविराजनं सांगवीत गाडी हातात घेतली आणि त्याचं तोंड उतरलं.

"काका, इंजिन वाघ हाय, पण स्टेअरिंग मेलंय. शोरूमच्या गाडीत रस्ता हातात कळत होता. ह्यात कायच न्हाय. फसवलं मला."

महिपतीनं चपला काढल्या, दोन बोटं लावली आणि फेरी मारली. हाताला काहीच लागलं नाही. आता मेलंय ते स्टेअरिंग की बोटं? निमगावपर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्याला उत्तर सापडलं नाही. आल्यावर म्हणाला, "पुढची चाकं जरा फाकल्यात," आणि गाडी मशीनवर घेतली. पडद्यावर सगळे आकडे आधीपासूनच हिरवे. ऋषिराजनं ते बघितलं आणि मग महिपतीकडं बघितलं.

तिसऱ्या दिवशी अविराज परत हजर.

"काका, तसंच हाय. उद्या शोरूमला नेतो. तुमी फक्त लिहून द्या की स्टेअरिंगचं मशीन खराब हाय. तुमच्या शब्दावर मी भांडतो."

ऋषिराजनं महिपतीला बाजूला घेतलं. "काका, खराब लिहिलं आन् त्यांनी खोलून चांगलं काढलं, तर उद्यापासनं तुमच्या फेरीला कोण इचारणार न्हाय. काय म्हणायचं ते म्हणा. पर खात्रीनं म्हणा."

तीस वर्षांत कमावलेला शब्द एका चिठ्ठीवर आला होता. महिपती म्हणाला, "फेरी मारून सांगतो," आणि गाडी थेट घरी नेली.

चंद्राबाई भाकऱ्या थापत होती.

"चल."

"कुठं?"

"गाडीत."

"कुणाच्या?"

"लोकांच्या. हात धू आन् चल."

चौतीस वर्षांत नवऱ्यानं फिरायला चल म्हटलं नव्हतं. म्हटलं ते भाकरी तव्यावर असताना. तिनं गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि बसली. गाडी निमगावच्या रस्त्याला लागली.

"उजवा हात हितं ठेव," महिपतीनं स्टेअरिंगची डावी बाजू दाखवली. "धरायचं न्हाय, फिरवायचं न्हाय. नुसता ठेव. काय लागतंय ते सांग."

"म्या कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"पीठ कसं कळतं? तसंच."

म्हटलं तर हा हिशेब सरळ होता. जो तळवा रोज पिठाला पाणी कमी की जास्त हे न बघता सांगतो, त्याला स्टेअरिंगही काहीतरी सांगेल. सपाट रस्त्यावर तिला काही लागलं नाही. शाळेपुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी खडखडत गेली.

"आता?"

"पाय हादरलं. पाठ हादरली. हाताला न्हाय."

महिपतीनं वेग कमी केला. पट्ट्यांचा खडखडाट पाठीपर्यंत येतो आणि हातापर्यंत येत नाही, म्हणजे मधे कुणीतरी तो खातंय. पुढं उसाच्या कडेचं वळण आलं.

"वळताना तुझ्या हाताला मागं रेटतंय का?"

"रेटतंय की. पर लांबनं. उशीखालनं कुणी ढकलावं तसं." ती थांबली. तिनं चिमटीत धरून दाबलं. "अवो, ह्याच्यात गादी हाय."

"कंपनीचं कातडं हाय ते."

"कातडं वरनं. आत स्पंज हाय. दाबून बघा की!"

महिपतीनं अंगठ्यानं दाबलं. परत दाबलं. चंद्राबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. निमगावच्या बाजाराच्या गर्दीत गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

"तुमाला कळत न्हाय?"

"न्हाय."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन् लोकांच्या गाड्या कशावर चालवताय?"

"डोळ्यावर."

काम झालं होतं तरी तिनं हात उचलला नाही. बाजारातून गाडी वळवून इंदापूरला येईस्तोवर तो स्टेअरिंगवर तसाच राहिला. आपल्या म्हाळसानं कोथिंबिरीच्या ढिगामागून बघितला तो हाच हात.

चंद्राबाईसकट गॅरेजात येऊन महिपतीनं ब्लेड मागितलं आणि अविराजदेखत स्टेअरिंगच्या आतल्या बाजूची शिवण उसवली. काळा दोरा, काळं कातडं, इतकी बेमालूम शिलाई की कंपनीवाल्यानंही शाबासकी द्यावी. खालून बोटभर जाडीचा स्पंज निघाला आणि त्याच्याखाली कंपनीचं बारीक, भोकाभोकांचं, खरं स्टेअरिंग. अविराजनं तिथूनच वडिलांना फोन लावला.

"आबा, स्टेअरिंगला कव्हर तुमी घातलं?"

"मग? नवी वस्तू उघडी ठेवतात व्हय?" संभाजीआबांचा आवाज गॅरेजभर घुमला. "शोरूममधनं निघालो ते थेट कारागिराकडं. तीन तास बसून शिवून घेतलंय. चांगलं बसलंय का?"

ज्या घरात सोफ्याचं प्लॅस्टिक अकरा वर्षं निघालं नाही आणि टीव्हीच्या रिमोटला अजून पिशवी आहे, तिथं स्टेअरिंग तेवढं उघडं कसं राहणार? आणि अविराजला वाटत होतं की आपलं मॉडेल वरचं, म्हणून स्टेअरिंग जाड.

तो एक फेरी मारून आला तो हसतच. "काका, बोलायला लागली! तुमी वळखलं कसं?"

इथं महिपतीला नुसतं गप्प बसता आलं असतं. बोटांचं नाव आणखी दहा वर्षं चाललं असतं.

"मी न्हाय वळखलं. हिनं वळखलं," तो म्हणाला. "माझी बोटं मेल्यात."

हे त्यानं "पाना तिकडं ठेवलाय" अशा आवाजात सांगितलं. ऋषिराजनं उसवलेलं कव्हर उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "एकट्यानं गाडी न्यायची न्हाय आता. मी चालवीन, तुमी शेजारी बसा."

तसं सुरू आहे. महिपती डावीकडं बसतो, अनवाणी पाय पत्र्याला लावतो आणि पायांना कळेल तेवढं सांगतो. ऋषिराजची बोटं शिकतायत, हळूहळू. ऑपरेशनची तारीख चंद्राबाईनंच घेतली. वाईट वाटतं का, असं आळीनं फार मायेनं विचारून पाहिलं. महिपती थोडा वेळ आत शोधून आल्यासारखा करतो आणि "काय न्हाय," म्हणतो.

राहिली म्हाळसा. ती पुढच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर चारचौघांत भेटली आणि माघार घेणं तिच्या रक्तात नाही. "बायकू तर बायकू," ती म्हणाली, "पर महिपतभाऊ, भर बाजारात तिचा हात धरून गाडी चालवायची? ह्या वयात लाज न्हाय वाटली?"

महिपतीनं नीट बघून ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"मला कायच वाटत न्हाय, म्हाळसाबाई, त्योच तर आजार हाय. हात धरला न्हाय, उसना घेतला. आन् ब्लेड अजून खिशात हाय. तुमच्या डोळ्यावरचं कव्हर उसवायचं असंल तर या."