शत्रूसाठी भाकर

बातमी छापली की दुसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधतात. न छापलेले किस्से मात्र घरात साठत जातात. बायको म्हणते, "तुमची ही रद्दी रद्दीवालासुद्धा नेत नाही!"

हे सगळे एकाच वर्षाचे. संभाजीनगरातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची एक पद्धत आहे. नववर्षाच्या सकाळी थाळीत बायबलमधल्या वचनांची कार्डं पालथी ठेवतात. हाताला येईल ते वचन वर्षभर जगायचं. बदलून मिळत नाही!

त्याच वर्षी वॉर्डातल्या पुढारी बंडूभाऊंना आपल्या प्लॉटिंगसाठी आमच्या कबरस्तानातून रस्ता काढायचा होता. फाटकाची चावी रूथमावशीकडे. मावशी म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. फाटकातून शिरताच पहिली कबर तिच्या नवऱ्याची. रस्ता नेमका त्या कबरीवरून जाणार होता.

आणि मावशीला कार्ड कोणतं आलं? शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल!

पाळकसाहेब कळवळून म्हणाले, "मावशी, यंदापुरतं दुसरं काढा."

"का? ह्या कार्डाला काय रोग झालाय?"

*

खुद्द पाळकसाहेबांना आलं होतं, "भिऊ नको." अख्ख्या मंडळीत त्यांच्याइतका भित्रा माणूस नाही. एकदा भाऊंची चार पोरं दमदाटी करायला चर्चच्या दारात आली. पाळकसाहेब पुढे झाले, पण पाय लटलटत होते.

एक पोरगं हसलं. "क्या साहेब, डर गये क्या?"

"मी नाही भ्यालो. पाय भ्यालेत. त्यांना कार्ड मिळालेलं नाही!"

*

जोसेफ सर गणिताचे मास्तर. वाद घालण्यात पटाईत. त्यांच्या वाट्याला काय यावं? ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश!

आम्ही महापालिकेच्या ऑफिसात रस्त्याची तक्रार घेऊन गेलो. साहेब गुरगुरला, "रस्ता होणारच."

सर म्हणाले, "बरं. पुढे?"

साहेब विकासावर बोलला. सर म्हणाले, "आणखी सांगा." मग साहेब स्वतःच्या बदलीवर बोलला, ब्लडप्रेशरवर बोलला. त्या खुर्चीत इतकं मन लावून त्याचं कुणी ऐकलंच नव्हतं! शेवटी भरात बोलून गेला, "मंजुरी कुठंय हो अजून? भाऊंनी एकदा मशीन घातलं की करू मागाहून."

मुलाखती घेण्यात माझी हयात गेली. असं उत्तर मला एकदाही मिळालं नाही!

*

मला आलं होतं, "सूड घेऊ नका." पत्रकाराला! मी दात-ओठ खात मंजुरी नसल्याची बातमी लिहिली आणि भाऊंचं नाव गाळलं. 'एक स्थानिक पुढारी' एवढंच ठेवलं. मावशीला वाचून दाखवली.

"नाव कुठंय?"

"मावशी, वचन…"

"सूड नको म्हन्लंय. खरं नको, असं कुठं म्हन्लंय? घाल नाव!"

घातलं.

*

बातमी छापून आली आणि भाऊ पेटले. भर उन्हात जेसीबी घेऊन फाटकाशी हजर! मावशी फाटकाला पाठ लावून बसलेली. चावी कमरेला, मांडीवर भाकरीचं फडकं.

"मावशी, चावी द्या."

"जेवलास का?"

"चावी द्या म्हणतोय!"

"चावी नाय. भाकर हाय, ठेचा हाय. सकाळधरनं उपाशी दिसतोस. बस."

का कोण जाणे, भाऊ बसले. दोन घास खाल्ले. जोसेफ सरांना मात्र तेवढ्यात राहवलं नाही. वर्षभराची तोंडाची कुलपं तुटली आणि त्यांनी मावशीचं वचन मोठ्यानं म्हणून दाखवलं.

भाऊंचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी शत्रू?"

"आज तरी व्हय," मावशी म्हणाली. "म्हनून तर इथं वाढलं. दोस्त असतास तर घरी बोलावलं असतं. ठेचा घे अजून."

मावशी जागची हलेना. जेसीबी नुसता घरघरत होता.

मग तोही बंद झाला. ड्रायव्हर किल्ली काढून खाली उतरला, पाण्याच्या टाकीवर हात धुतले आणि भाऊंच्या शेजारी येऊन बसला.

"मौशी, म्या बी दुश्मनच हाय की. भाकर हाय का अजून?"